देव कारण सांगत नाही

ज्या प्रश्नापायी तुम्ही अलीकडे रात्र रात्र जागे राहता, तो सोबत घ्या. घरातलं कुणी अकाली गेलं असेल. धडधाकट माणसाला रोगानं गाठलं असेल. आयुष्यभर सरळ वागूनही सगळं उलटं पडलं असेल. प्रश्न एकच असतो : देवा, हे का?

आपल्याला चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात जायचं आहे, पण अंतर वाटेचं कमी आणि काळाचं जास्त आहे. तिथल्या माणसांनी हा प्रश्न तुमच्याआधी विचारला आहे. उत्तर न मिळाल्यावर त्यांनी काय केलं, ते पाहायला चला.

मार्कंडा, हजार वर्षांपूर्वी

चामोर्शी मागे पडते. धान कापून झालेल्या बांध्यांमधून पायवाट जाते. पळसाला पान नाही, नुसती फुलं आहेत. पुढे एकाएकी रान संपतं आणि वैनगंगेचं रुंद, वाळूचं पात्र समोर येतं.

पाण्यात उतरा. प्रवाह पायांना उत्तरेकडे ढकलतो आहे. दक्षिणेला निघालेली ही नदी इथे चक्क माघारी वळते. या काठावर उभ्या असलेल्या माणसाला विचारलंत, तर तो सांगेल की नदी वाट चुकली. ती चुकलेली नसते. पुढे ती वर्धेला भेटते, दोघींची प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते. पण ते इथून दिसत नाही. इथून दिसतं ते फक्त वळण. आणि लोकांनी देवासाठी जागा निवडली ती नेमकी या वळणावर.

छिन्नीचे आवाज येतात. काठावर देवळं उभी राहत आहेत, एक नाही, अनेक. दगडातून अप्सरा, मातृका, नंदी बाहेर येत आहेत. उन्हानं तापलेल्या दगडाची पूड तुमच्या ओठांवर बसते. सावलीला टेकलेला एक म्हातारा नातवाला मार्कंडेयाची कथा सांगतो आहे. तुम्हीही बसा.

कथा तुम्हाला माहीत आहे. मृकंड ऋषींना मूल नव्हतं. देवानं विचारलं, दीर्घायुषी पण मूढ मुलगा हवा की गुणी पण अल्पायुषी? त्यांनी गुणी मागितला. मुलाला सोळा वर्षांचं आयुष्य मिळालं. सोळावं सरताना यम आला, तेव्हा पोरानं शंकराच्या पिंडीला मिठी मारली.

नीट ऐकलंत, तर एक गोष्ट ध्यानात येईल. सोळाच वर्षं का, हे कथेत कुणीच सांगत नाही. बाप विचारत नाही आणि देवही सांगत नाही. पोराजवळ उत्तर नाही, फक्त मिठी आहे. यम फास टाकतो तो त्या मिठीसकट पिंडीवरही पडतो. ज्याला धरलं, तोच फासात सापडतो, आणि मग तो प्रकट होतो. या कथेतला देव दूर बसून दुःखाचा हिशेब समजावत नाही. तो भक्ताबरोबर त्याच फासात येतो.

आता काळ पुढे सरकू द्या. देवळं पुरी झाली आहेत. पिढ्यामागून पिढ्या इथे पाणी वाहून गेल्या आहेत. आणि मग वीज पडते. पडते ती मुख्य देवळाच्याच शिखरावर. माथ्याचे दगड निखळतात आणि मंडपाचं छत फोडून आत कोसळतात.

आवाज थांबल्यावर गाव जमा होतं. तुमच्या शेजारचा माणूस काही बोलत नाही, पण त्याच्या मनातलं तुम्हाला ऐकू येतं. देवाच्या घरावरच देवाची वीज? आपलं काही चुकलं का? की वर कुणीच नाही?

पुढे चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजाच्या काळात डागडुजी होते. छत पेलायला आत जाडजूड आधार उभे राहतात. नजाकत गेलेली असते, देऊळ उभं राहतं. १८७३-७४मध्ये पुरातत्त्वाचे अधिकारी अलेक्झांडर कनिंगहॅम इथे येतात, तेव्हा या भग्न देवळांची तुलना त्यांना खजुराहोशी करावीशी वाटते. वीज का पडली, हे कुणाला कळलेलं नसतं. महाशिवरात्रीची जत्रा मात्र भरत असते. आजही भरते. माणसं पाण्याचा गडवा घेऊन रांगेत उभी राहतात.

वरोरा, १९४०च्या दशकाची अखेर

आता पावसात या. रात्र आहे. वरोऱ्याच्या गल्लीत गटारं भरून वाहत आहेत. समोरून एक माणूस डोक्यावर मैल्याची पाटी घेऊन येतो आहे. सफाई कामगार नाही तो. वकील आहे, नगरपालिकेचा उपाध्यक्ष आहे, गोरज्याच्या जमीनदार घरातला आहे. भंगी कामगारांचं दुःख कळावं म्हणून त्यानं स्वतः पाटी उचलली आहे. मुरलीधर देवीदास आमटे. लोक त्याला बाबा म्हणतात.

गटाराच्या कडेला चिंध्यांचा ढीग पडलेला दिसतो. ढीग हलतो. तो माणूस आहे. बोटं झडलेली, नाकाच्या जागी भोक, जखमांत किडे. त्याचं नाव तुळशीराम.

बाबा आमटे पळून जातात. इंग्रज सोजिरांना न भिणारा हा माणूस एका मरणाऱ्या माणसाला भिऊन पळतो, हे पुढे ते स्वतःच सांगत राहिले. तुम्हीही पळाला असता. त्या काळी सारा समाजच पळत होता. १८९८च्या कायद्यानं भीक मागणाऱ्या महारोग्याला पकडून आश्रमात डांबता येत होतं. घरची माणसं रात्रीच्या अंधारात त्याला वाटेला लावत. आणि या सगळ्याला एक कारण तयार होतं : मागच्या जन्मीचं पाप.

इथे जरा थांबा, कारण आपल्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. 'मागच्या जन्मीचं पाप' हे वाक्य श्रद्धेचं वाटतं. प्रत्यक्षात तो एक दावा आहे. देवाच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे, हा दावा. तुळशीरामला ही शिक्षा कोणत्या अपराधाबद्दल मिळाली, याचा निवाडा गल्लीतल्या प्रत्येकानं करून टाकलेला आहे. निवाडा झाला की काम संपलं. मग त्याच्या अंगावर पोतं टाकायलाही कुणी जात नाही.

देवाच्या शहाणपणावर खरा विश्वास असता, तर गल्ली म्हणाली असती, 'याच्यावर ही वेळ का आली ते देव जाणे. आम्हाला एवढंच दिसतं की माणूस भिजतो आहे.'

बाबा घरी जातात, पण भय सोबत घरी येतं. ते परततात. तुळशीरामवर आडोसा उभारतात, त्याला खाऊ घालतात, त्याच्या जखमा धुतात. तो वाचत नाही. त्यांच्याच शुश्रूषेत त्याचा शेवट होतो. त्या माणसाचं दुःख कशासाठी होतं, हे त्याला कधीच कळलं नाही. तुम्ही काळाच्या या टोकाला उभे आहात, म्हणून तुम्हाला दिसतं की त्यानंतर महारोग्यांसाठी जे काही उभं राहिलं, त्याचा आरंभ त्या गटाराशी आहे. पण तुळशीरामच्या बाजूनं पाहिलं, तर हा हिशेब पुरा होत नाही. तो पुरा झाला असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तोही देवावर सोडावा लागतो.

आनंदवन, १९५१

पुन्हा पावसाळाच आहे. वरोऱ्याजवळच्या पन्नास एकर माळावर तुम्ही उभे आहात. पायाखाली खडक, सगळीकडे काटेरी झुडपं. विंचू दगडागणिक, साप झुडपागणिक. रात्री बिबट्या येतो आणि कुत्री उचलून नेतो. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, चौदा रुपये. बाबा, साधनाताई आणि त्यांची दोन लहान मुलं, विकास आणि प्रकाश.

साधनाताईंकडे पाहा. नागपूरच्या घुले घराण्यात, सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई. बाबा देवपूजेत रमणारे नाहीत, ताईंची देवावरची श्रद्धा मात्र शेवटपर्यंत टिकली. चुलीच्या धुरानं त्यांचे डोळे लाल झाले आहेत. सगळ्यांचा स्वयंपाक त्यांच्या हातचा. पोरांना झोपवायचं तर आधी अंथरूण झटकून विंचू पाहायचा. देवानं आपल्याला इथे का आणलं, असं त्यांच्या मनात कधी आलं नसेल, असं मानायचं कारण नाही. पण भाकरी करायची वेळ झालेली असते, आणि भाकरी होते.

विहीर खणली जाते. पहार धरणारे हात पाहा. कुणाला बोटं नाहीत, कुणाची वाकडी झाली आहेत. दुपारी एक जण चुलीवरचं तापलेलं भांडं सरळ हातानं उतरवतो. तुम्ही ओरडता. तो शांतपणे तळहात पाहतो. कातडी सोललेली आहे.

'दुखत नाही का, बापू?'

'दुखते कुठं जी? दुखलं असतं, त आधीच नसतं का सोडलं?'

हे वाक्य ऐकून घ्या आणि एक उडी वेल्लोरपर्यंत मारा. बाबांच्याच वयाचा, १९१४मध्येच तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेला एक शल्यचिकित्सक, डॉ. पॉल ब्रँड, तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात याच कोड्याशी झुंजतो आहे. कुष्ठाचे जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३मध्येच शोधले होते. तरी महारोगात मांस सडून गळतं, हीच समजूत पक्की होती. ब्रँड यांनी दाखवलं की रोग मज्जातंतूंना मारतो आणि वेदना जाते. वेदना गेली, की माणूस निखाऱ्यावर पाय ठेवतो आणि त्याला कळत नाही. खिळा घुसलेल्या बुटात दिवसभर चालतो. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडतात आणि जाग येत नाही. वेल्लोरच्या रुग्णांना म्हणूनच रात्री सोबतीला मांजरं दिली गेली.

वेदना नसती तर किती बरं झालं असतं, असं आपण सगळेच म्हणतो. इथे वेदना नसलेली माणसं आहेत, आणि त्यांची बोटं गेली आहेत. जे काढून घे म्हणून आपण देवाला विनवतो, त्यानंच आपला देह इतकी वर्षं राखलेला असतो. अंगाला चटका का बसतो, हे माणसाला समजायला इतका काळ लागला. मनाला बसणाऱ्या चटक्यांचा अर्थ आपल्याला आज, आत्ताच कळावा, हा हट्ट सोडायला एवढं पुरेसं आहे.

पण यापुढे एक पाऊलही टाकू नका. 'म्हणजे प्रत्येक वेदना भल्यासाठीच असते' असं म्हणू नका. त्या सहा जणांपैकी कुणालाही तसं वाटत नाही. आपल्याला जे कळलं, ते एका वेदनेबद्दल कळलं. बाकीच्यांबद्दल आपण अजून वळणावरच उभे आहोत.

माळ हिरवा होतो. भाजी पिकते, पण रोग्यांच्या हातची भाजी वरोऱ्याच्या बाजारात कुणी घेत नाही. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी तरुण येतात, आनंदवनात राहतात, तिथलंच जेवतात आणि बांधकामाला हात लावतात. ते पाहून गावाचं भय ओसरू लागतं. १९६४मध्ये आनंदवनात आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू होतं. ज्यांना गावानं बाहेर काढलं, त्यांच्या भूमीत गावाची धडधाकट पोरं शिकायला येतात. १९७३च्या डिसेंबरात भामरागडच्या रानात, हेमलकशाला माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू होतो. त्या माळावर विंचवांत वाढलेला प्रकाश डॉक्टर होऊन मंदाताईंसह तिथे जातो. बाबांचा कणा एव्हाना साथ सोडू लागलेला असतो. पुढे त्यांना बसताही येईना, एक तर उभं राहायचं नाही तर आडवं पडायचं. १९८५मध्ये सत्तरी ओलांडलेला हा माणूस कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडोची यात्रा नेतो, बसमध्ये आडवा पडून.

गडचिरोली, १९८८ ते १९९९

आता सगळ्यात अवघड मुक्काम. इथे कोणतीच समजूत पुरत नाही.

झोपडीत अंधार आहे, धूर आहे. बाळंतीण कोपऱ्यात पडली आहे. बाळ कालच जन्मलं, आणि आज सकाळपासून अंगावर घेत नाही. अंग गार पडलं आहे. श्वास भरभर चालला आहे, मग अडखळत चालतो, मग थांबतो. म्हातारी आजी त्याच्यावर फडकं ओढते.

'देवानं देल्लं, देवानंच नेलं.'

तुम्ही शहरातून आला आहात. तुम्हाला या वाक्याचा राग येईल. येऊ देऊ नका. दवाखाना दूर आहे, वाटेत नाला आहे, घरात पैसा नाही. या बाईनं स्वतःची मुलंही अशीच पुरली आहेत. हे वाक्य नसतं, तर ती दुसऱ्या दिवशी रोवण्याला उठली नसती. १९८८मध्ये या भागातल्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. एवढ्या मरणांमध्ये ज्यांनी देवावरचा विश्वास टिकवला, त्यांना विश्वास शिकवायला आपण कोण?

पण देवानं नेलं म्हणताना, देवानं आपल्या हाती काय ठेवलं होतं, हेही विचारावं लागतं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६मध्ये इथे येऊन 'सर्च' ही संस्था सुरू करतात. ते लोकांना विचारतात, दवाखाना कसा हवा? लोक सांगतात, मोठ्या इमारतीची भीती वाटते. आमच्या घरांसारखा असावा, आणि तिथे आमची देवी असावी. म्हणून 'सर्च'च्या आवारातल्या, शोधग्रामच्या दवाखान्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळतं. तिथे देवीची जत्रा भरते, आणि आरोग्याचे प्रश्न गावंच मांडतात.

त्याच झोपडीत काही वर्षांनी परत या. पुन्हा बाळंतपण, पुन्हा अंधार, पुन्हा धूर. या वेळी उंबऱ्यातून गावातलीच एक बाई आत येते. ती आरोग्यदूत आहे, चार बुकं शिकलेली. बाळ रडत नाही. ती नळीनं घसा साफ करते, मास्क लावून पिशवीनं हवा देते. एकदा. पुन्हा. पुन्हा. बाळ रडतं. ती त्याला कापडाच्या झोळीत घालून वजन करते, उबदार पिशवीत गुंडाळते, आईच्या छातीशी लावते. पुढचे दिवस ती येत राहते. जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शनही तीच देते.

३९ गावांत हे झालं. १९९९च्या डिसेंबरात 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले : नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. पुढे हीच पद्धत देशभरातल्या आशा कार्यकर्तींच्या हाती गेली.

आजीकडे पाहा. बाळ रडल्यावर तिनं आधी देवीला हात जोडले, मग त्या बाईच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. जो देव नेतो असं ती म्हणत होती, त्यानंच ही बाई पाठवली, असं ती आता म्हणते. तिची श्रद्धा विज्ञानानं मोडली नाही. तिला फक्त दोन हात जास्त मिळाले.

आणि तरीही ते पहिलं नातवंड का गेलं, याचं उत्तर तिला मिळालेलं नाही. ते द्यायला लॅन्सेट पुरत नाही आणि प्रवचनही पुरत नाही.

परत आज

आता घरी या. प्रश्न अजून तुमच्यापाशीच आहे. या प्रवासात कुणीही त्याचं उत्तर दिलं नाही, कारण कुणालाच ते मिळालं नव्हतं. मार्कंडेयाला नाही, वीज पडलेल्या गावाला नाही, तुळशीरामला नाही, त्या आजीला नाही. ज्यांनी ज्यांनी 'मला कारण ठाऊक आहे' म्हटलं, ते गल्लीत दार लावून बसलेले निघाले. ज्यांनी कारण देवावर सोडलं, ते पावसात बाहेर पडले.

देवाच्या शहाणपणावर विश्वास ठेवणं म्हणजे एवढंच आहे, आणि एवढं पुष्कळ आहे. त्याची बाजू आपण मांडायची नाही. त्याच्या वतीनं निवाडा करायचा नाही. त्याच्यावर रागावलात तरी मिठी सोडायची नाही. आणि समोर आलेलं काम टाकायचं नाही : देवळाला आधार देण्याचं, भाकरी करण्याचं, भिजणाऱ्यावर आडोसा धरण्याचं, बाळाला श्वास देण्याचं. नशिबाला बोल लावून बसून राहणं आणि देवावर भार टाकून उठणं, दोन्हींत माणूस 'त्याची इच्छा' असंच म्हणतो. फरक त्याच्या पुढच्या कृतीवरून कळतो.

म्हणून दोन गोष्टी करा. तुमच्या ओळखीत कुणावर आभाळ कोसळलं असेल, तर त्याला कारण सांगू नका. 'देव करतो ते भल्यासाठी' हे वाक्य दुसऱ्याच्या दुःखावर कधीच वापरू नका. ते फक्त ज्याचं दुःख आहे त्यानं, आणि त्याला वाटलं तरच, म्हणायचं असतं. त्याच्या घरी जा, डबा घेऊन जा, दवाखान्यात रात्रीचं थांबा. आणि वेळ तुमच्यावर आली असेल, तर उत्तराची वाट पाहत आयुष्य थांबवू नका. देवाला प्रश्न रोज विचारा, रडत विचारा, भांडत विचारा. आणि विचारून झालं की आज समोर आलेलं एक काम करा.